गऱ्या ठरवलेला बैल

मी तापट माणूस. नागभीडच्या बाजूला आमची धानशेती, आणि रोवण्याच्या दिवसांत कुणाचंच डोकं ठिकाणावर नसतं. माझं तर बारमाही नसतं. त्या वर्षी आमचा धाकटा बैल नाल्याच्या उतारावर आठवडाभरात तीनदा अडला. मी शिव्या घातल्या, मग तुतारीची, म्हणजे बैल हाकायच्या काठीची, आर मागच्या पुठ्ठ्यात टोचली. रक्त आलं, बैल हलला नाही. तिन्ही वेळा बैलबंडी वळवून लांबच्या रस्त्याने न्यावी लागली.

काम सोडून अडून राहतो तो बैल गऱ्या. एकदा हे नाव पडलं की त्याला कोणी दावणीला ठेवत नाही. मीही व्यापाऱ्याला शब्द देऊन टाकला, पोळा झाला की घेऊन जा. बाबा ओसरीवरून एवढंच म्हणाले, "त्याले काऊन टोचून राह्यला? कान पाह्य त्याचे." मी ऐकून न ऐकल्यासारखं केलं.

चौथ्यांदा तो सकाळीच अडला. बंडीत पऱ्ह्यांच्या, म्हणजे धानाच्या रोपांच्या पेंढ्या, तिकडे बांधीतल्या चिखलात रोवणाऱ्या बाया खोळंबलेल्या. बायको वैतागून खाली उतरली आणि "मी होतो पुढं," म्हणत चालू लागली. मी तुतारी उचलली, आणि कसे कोण जाणे, बाबांचे शब्द आठवले. बैलाचे दोन्ही कान ताठ होते, नाल्याकाठच्या एकाच झुडपाकडे लागलेले. थोरला बैल एरवी भारी शहाणा, तोही थरथरत धाकट्याला खेटून उभा होता.

"थांब," मी म्हणालो. ती थांबली. मागे वळून तिने बैलाकडे पाहिलं आणि काही न विचारता हळूहळू मागे आली. तिची पाठ बंडीला टेकली, तेव्हा झुडपाआडून वाघीण उठली. मागोमाग दोन पिल्लं. तिने आमच्याकडे एकदा पाहिलं आणि पिल्लांना घेऊन नाला ओलांडून गेली. बायको थांबली होती तिथून ते झुडूप दहा पावलांवर होतं.

जरा वेळाने बैलाने कान पाडले आणि न हाकता उतार उतरला. बायको त्याच्या बाजूने, वशिंडावर हात ठेवून चालत होती. "याले इकाचं नाई," ती म्हणाली. मी त्याच दुपारी व्यापाऱ्याला नाही म्हणून कळवलं.

पोळ्याच्या आदल्या दिवशी खांदशेकणी. वर्षभर जू वाहिलेले खांदे हळद-लोण्याने चोळायचे, पळसाच्या पानाने शेकायचे आणि बैलाला सांगायचं, आज आवतन घ्या, उद्या जेवायला या. थोरल्याचं झालं. धाकट्याचा खांदा चोळता चोळता माझा हात लोणी घेऊन पुठ्ठ्यावरच्या खपल्यांकडे गेला, तर बैल अंग चोरून दाव्याच्या टोकापर्यंत सरकला. वाघिणीपुढे जागचा न हललेला बैल माझ्या हाताला भीत होता. मला फार लाज वाटली. याला कोणत्या तोंडाने आवतन द्यायचं?

बाबांनी कोपऱ्यातली तुतारी उचलली, गुडघ्यावर मोडली आणि शेकायच्या विस्तवात घातली.

"आता बोलाव त्याले," ते म्हणाले.