कोण्या गावचा?

आमच्या साखऱ्यात अनोळखी माणूस आला की पाण्याच्या आधी प्रश्न येतो. कोण्या गावचा? कोणाचा? उत्तर मिळालं की त्याच्याशी कसं बोलायचं ते ठरतं. संगणकाची ‘टीसेट’ ही आज्ञा मला समजली ती याच रीतीनं.

जुन्या काळी एका मोठ्या संगणकाला अनेक टर्मिनल जोडलेले असत. टर्मिनल म्हणजे नुसता पडदा आणि कळफलक, स्वतःचं डोकं नाही. कंपन्या अनेक, आणि प्रत्येकीच्या पडद्याची बोली वेगळी. म्हणून सत्तरच्या दशकात परदेशातल्या एका विद्यापीठात कोणीतरी टीसेट लिहिली. माणूस बसला की ती विचारायची, समोर कोणता टर्मिनल आहे? मग आपल्या यादीत नाव शोधून त्याच्याच बोलीत त्याला तयार करायची. दुसऱ्या कोणी ‘रीसेट’ लिहिली. पडद्यावर भलतीच चिन्हं सांडली की ती त्याला शुद्धीवर आणायची. पुढं दोन्ही एक झाल्या. आता प्रोग्राम एकच, कोणत्या नावानं हाक मारली ते पाहून तो वागतो.

हे सगळं मला भागीदारानं शिकवलं. सेनगावात आम्ही जुन्या संगणकांचं दुकान टाकलं होतं. मी शेळ्या राखून वर आलेला, सौदा माझ्याकडं. तो डिप्लोमावाला, यंत्र त्याच्याकडं. जवळा बाजारच्या वाटेवर कापसाच्या एका जिनिंगमध्ये तसे टर्मिनल अजून चालू होते आणि त्यांची देखभाल आमची होती. पडदा बिघडला की टाइप केलेलं दिसत नाही, एंटरही चालत नाही. त्याऐवजी कंट्रोल-जे दाबायचं, अंदाजानं रीसेट लिहायचं, पुन्हा कंट्रोल-जे. मला ते लगेच जमलं. माझा बाप बैलबाजारात रुमालाखाली बोटं धरून भाव करायचा. न दिसणाऱ्या बोटांचं काम आमच्या घरातलंच.

भागीदारानं जिनिंगच्या मुख्य संगणकात एक खोडी केली होती. टीसेटच्या प्रश्नाआधी इंग्रजी अक्षरांत ओळ उमटायची, ‘कोन्या गावचा रे, लेका?’ आणि टर्मिनलांच्या यादीत त्यानं ‘साखरा’ हे नावही घालून ठेवलं होतं. मी साखरा लिहायचो, यंत्र मुकाट्यानं मान्य करायचं. मोठमोठ्या कंपन्यांच्या रांगेत माझं गाव! दोघंही पोट धरून हसायचो.

मग त्याला पुण्यात नोकरी लागली. लागू दे. पण जाताना जिनिंगच्या मालकाला सांगून गेला, हे सगळं जुनाट झालंय, बदलून टाका. माझं काम गेलं आणि मला ते मालकाच्या तोंडून कळलं. फोनवर मी त्याला जे बोललो ते इथं लिहिण्यासारखं नाही. तेव्हापासून बोलणं बंद आहे. दगा त्यानं दिला, फोन त्यानंच करायचा. अजून आलेला नाही.

यंदा जिनिंगच्या मुनीमजींनी बोलावलं. खोली रिकामी करायची होती. टेबलावर शेवटचा टर्मिनल होता, पडदाभर भलत्या चिन्हांचा कचरा. कोपऱ्यात तो संगणक, धुळीनं माखलेला. ती ओळ आणि माझं गाव त्या पेटीत होतं. मला पेटीच हवी होती. म्हणून मी तिच्याकडं पाहिलं नाही. बाप सांगायचा, जो बैल घ्यायचा त्याच्याकडं बघायचं न्हाई.

“मुनीमजी, पडदा तेवढा घेतो. ते डबडं काहून ठेवलं?”

“काहून? त्याच्यात काही न्हाई का?”

“उंदराचं घर हाय ते. फुकट दिलं तरी गाडीला वझं.”

मुनीमजी हसले. “एरवी मालात बारीक खोट दिसली तर अर्धा दिवस भांडता तुमी. अन् आज बिघडलेला पडदा घेऊन राहिले?”

पडद्याचा सौदा पटला की पेटी वर फुकट टाकून मागायची, असा माझा हिशेब. पडद्यावर घासाघीस केली, रिवाजाप्रमाणं रागावून फाटकापर्यंत गेलो, चहा पिऊन परत आलो. कोपरा रिकामा होता.

“डबडं कुठं गेलं?”

“भंगारवाला आलता, देऊन टाकलं. तुमीच म्हणले ना, वझं.”

मग मी खरा रागावलो. टेबलावर हात आपटला.

“आता काहून तापता, भाऊ?” मुनीमजी म्हणाले. “तुमचा शब्द बराबर मानला तर बी तकलीफ!”

भंगारवाल्याला सेनगावात गाठलं तेव्हा पेटीवर हातोडा पडून गेला होता. जिच्यात सगळं साठवलेलं असतं ती आतली चकती त्यानं फोडून पत्र्यांच्या ढिगात टाकली होती.

विकत घेतलेला टर्मिनल दुकानात आणला आणि माझ्या लॅपटॉपला जोडला. संध्याकाळी गिऱ्हाईक नव्हतं. अंदाजानं रीसेट लिहिलं. रीसेट क्षणभर थांबते, जुन्या पडद्यांना सावरायला तेवढा वेळ लागायचा म्हणून. माझ्या स्वभावाला ते थांबणं कधीच मानवलं नाही. शेजारी बसलेला भागीदार म्हणायचा, “दम धर की, लेका.” आता शेजारी रिकामी खुर्ची होती.

पडदा स्वच्छ झाला. टीसेट चालवली. कोरडा इंग्रजी प्रश्न आला, कोणता टर्मिनल? त्याच्या आधी काही नाही. ती ओळ मला पाठ आहे, मीही लिहू शकलो असतो. पण आपणच आपल्याला गाव विचारायचं आणि आपणच हसायचं? फोन हातात घेतला. त्याचं नाव अजून फोनच्या यादीत आहे. फोन खाली ठेवला.

मग प्रश्नापुढं लिहिलं, साखरा.

यंत्रानं कळवलं, असा टर्मिनल माहीत नाही. आणि खालच्या ओळीवर पुन्हा विचारलं, कोणता?