बर्वेकाका आणि कात्रजचे बेडूक

आमोद बर्वे पहिल्यांदा ओरडले तेव्हा कोथरूडभरचं दूध नासलं आणि स्वारगेटहून सुटलेली एक बस घाबरून पुन्हा डेपोत शिरली, असं सुरुची आजही शपथेवर सांगते.

"त्या बटणाला हात लावू नका!"

तिने बोट मागे घेतलं. बर्वेंच्या संगणकदुरुस्तीच्या दुकानात काउंटरवर तिचा संगणक होता आणि त्यात कात्रजच्या डबक्यांवर रेकॉर्ड केलेले बेडकांचे आवाज. तिची पीएचडी त्यांच्यावरच उभी होती. दुसरी प्रत नव्हती. डबकी बुजवून तिथे सोसायटी झाल्यामुळे बेडकांना पुन्हा ओरडायला सांगायचीही सोय नव्हती.

"काका, सुरू होताना अर्ध्यातच अडकतंय. म्हणून बंद करून परत चालू करत होते."

"किती वेळा?"

"बऱ्याच."

"वा! तापातल्या माणसाला उठवून उठवून पर्वती चढायला लावलीत." बर्वे पडद्यावरची अक्षरं वाचू लागले. "तुमचा संगणक चालवणारं हे लिनक्स तुमच्यापेक्षा शहाणं आहे. उठताना डिस्क आधी फक्त वाचायला घेतं, तपासतं, आणि सगळं ठीक असलं तरच तिच्यावर लिहू देतं. इथे खोट दिसली, म्हणून थांबलंय."

"पण डिस्क लिहायला मोकळी करायची कमांड नेटवर आहे ना?"

"आहे की. स्मशानाचा पत्तासुद्धा आहे. लिहू दिलं, तर डागडुजीच्या नादात ते तुमच्या बेडकांवरच पाय देईल."

त्यांनी डिस्क काढून आपल्या संगणकाला जोडली, तीही फक्त वाचण्यापुरती, आणि नव्या डिस्कवर नक्कल सुरू केली. मग ते दोन्ही हात काखेत घालून बसले. सुरुची बघतच राहिली. एरवी हा माणूस शेजाऱ्याची तिरकी स्कूटर सरळ केल्याशिवाय राहत नव्हता. ती आल्या आल्या तिच्या पिशवीचा बंदही त्याने नीट केला होता. तोच आता देवासमोर बसावा तसा निश्चल होता. नक्कल अडखळली तरी बोट हललं नाही. काही न करणं इतकं अवघड, इतकं भव्य असू शकतं, हे तिने पहिल्यांदाच पाहिलं.

संध्याकाळी दुकानात बेडूक ओरडला. सुरुचीचे डोळे भरून आले.

"कशाला ओरडतोय हा?" बर्वेंनी हळूच विचारलं.

"जोडीदारीण मिळावी म्हणून."

"मिळाली?"

"माहीत नाही. रेकॉर्डिंग तिथेच संपतं."

सगळे बेडूक परत मिळाले. प्रबंध वेळेत जमा झाला. परीक्षकांनी बेडकांच्या आवाजाची एकही फाइल उघडली नाही.