म्युझियममध्ये अनवाणी

मला आत नेलं ते शेजारच्या फॉल-पिकोवाल्या मावशींनी. कशालाही 'काय बिघडतंय?' म्हणायची त्यांना सवय. मी सुरगाण्याकडून नाशकात शिवण शिकायला आलेली, शाळा सातवीत सुटलेली, सगळ्यालाच घाबरायची. म्युझियममध्ये एका फॅशन डिझायनरच्या कपड्यांचं प्रदर्शन लागलं होतं. दाराशी मी देवळात काढतात तशा चपला काढल्या. मागच्या मुली फिदीफिदी हसल्या.

"मावशी, मी नाय येत," म्हणत मी मागं फिरले.

मावशींनी आपल्याही चपला काढल्या. "फरशी गार हाय गं. काय बिघडतंय?"

मग आत माणूस नसलेल्या, दिव्यांत तरंगणाऱ्या त्या झग्यांमधून आम्ही दोघी झोपेत चालल्यासारख्या फिरलो.

मावशींना एकदा आमच्या पाड्यावर नेईन. तिथं त्यांचं काही चुकलं, तर मीही मुद्दाम तसंच चुकेन.