कुसुमताईंचा उखाणा

सोसायटीच्या संक्रांतीच्या हळदीकुंकवाची सगळी व्यवस्था माझ्याकडे असते. यंदा उखाणे सुरू झाल्यावर कोणीतरी नेहमीसारखं म्हणालं, "कुसुमताई, लग्न केलं नाहीत, सुटलात बाई!" सत्तरीच्या कुसुमताई उठून उभ्याच राहिल्या.

"गॅलरीत दोन कुंड्या, मधे एकच भिंत,
माधवरावांचं नाव घेते, आता कसली खंत?"

माधवराव त्यांच्या शेजारचे विधुर. दिवाळीत वारले.

"अगंबाई, हे काय कबूल करताय!" जोशीकाकू म्हणाल्या.

माझी मुलगी इंग्रजी शिकवते. ती माझ्या कानाशी लागली. "आई, चूक कबूल करणं म्हणजे कन्फेस. हे अव्हाउ. कोणी न विचारता, मान ताठ ठेवून, चारचौघांत सांगणं."

मी मराठी शब्द शोधू लागले. जाहीर करणं म्हणावं, तर जाहीर लिलावही करतात. चोरी काय नि प्रेम काय, आपण दोन्ही कबूलच करतो. म्हणजे प्रेम करणाऱ्यानेही आधी आरोपी व्हायचं. इतक्या वर्षांत हे मला खटकलंही नव्हतं.

पण कुंकवाचं तबक माझ्या हातात होतं. आजवर कुसुमताईंना कुंकू लावताना विचार करावा लागला नव्हता. आता ज्याचं नाव घेतलं तो माणूस गेलेला, आणि विधवेला आमच्याकडे कुंकू लावत नाहीत. सगळ्या माझ्याकडे बघत होत्या.

कुसुमताई समोर आल्या. "लावायचं की नाही, तू ठरव," म्हणाल्या आणि कपाळ पुढे केलं.

मी बोट कुंकवात बुडवलं. कुंकू जरा मोठंच लागलं.