मधल्या पट्ट्याचा गूळ

थोरलीने दात घट्ट मिटून घेतले होते, म्हणून मी तिच्या थोबाडीत मारली. देवळात मारली, परक्या मुलखात, चाळीसएक बायकांसमोर.

थोरली म्हणजे माझी मोठी जाऊ. तिला साखरेचा आजार आहे आणि त्या वेळी तिची साखर उतरली होती. ती फरशीवर बसली होती, अंगाला घाम, डोळे फिरलेले, आणि माझ्या हातात गुळाचा खडा होता. तो ती तोंडात घेत नव्हती.

आमच्या साखर कारखान्याने ऊसवाल्या बायकांना थायलंडला नेलं होतं, तिथली तोडणीची यंत्रं बघायला. नवरे गेल्यावर उतारे आमच्या नावावर आले होते, म्हणून आम्ही दोघीही यादीत आलो. शेतातल्या मधल्या पट्ट्याच्या वाटणीवरून आमच्यात अबोला आहे, हे कारखान्याला माहीत नसावं. आडनाव एक बघून त्यांनी आम्हाला एकाच खोलीत टाकलं. तिसरी पलूसकडची एक बाई होती. आम्ही तिच्यामार्फत बोलायचो. "तिला म्हणावं, पंखा बंद कर." "तिला म्हणावं, मला उकडतंय." पलूसकरीण दोन दिवसांत वाळून गेली.

शेवटचा दिवस फिरण्याचा होता. सकाळी थोरलीने सवयीने पोटाला इन्सुलिनची सुई टोचून घेतली आणि खाली नाश्त्याला आली. ती माळकरीण आहे. भातावरचं झाकण काढून तिने वास घेतला आणि ताटली पालथी घातली.

"ह्यांच्या भांड्यात कायबी शिजत आसंल. मी न्हाई खात."

मी पलूसकरणीला म्हणाले, "आवं, तिला म्हणावं, सुई घेतलीस तर पोटात कायतरी घाल."

"तिला म्हणावं," थोरली म्हणाली, "माझ्या पोटाची काळजी तिला कवापासनं लागली? पट्टा गिळला तवा न्हाई आठवलं माझं पोट?"

"दोघींनी एकमेकींचं ऐकलंय," पलूसकरीण म्हणाली. "आता मी जेवू का?"

बसमध्ये आमच्याबरोबर आलेल्या शेतकी अधिकाऱ्याने पिशव्या गाडीतच ठेवायला लावल्या. देवळात सगळ्यांचे हात मोकळे दिसले पाहिजेत, फोटो काढायचा आहे म्हणाला. मी गुळाची पुरचुंडी कमरेला खोचली होती. माझ्या कमरेला काय आहे हे बघायची त्याची हिंमत नव्हती.

त्या देवळात बुद्धाची आडवी मूर्ती आहे, सोन्यासारखी, आमच्या अख्ख्या आळीएवढी लांब. तळपायांवर शिंपल्याचं बारीक काम केलं आहे. एक पोरगेली सून म्हणाली, "येवढं पाय रोज पुसायचं म्हंजी इथल्या सुनांचं काय खरं न्हाई." बायका हसल्या. भिंतीकडेने पितळी वाडगे ओळीने मांडले होते आणि लोक प्रत्येकात एक एक नाणं टाकत पुढे जात होते. आमच्या बायकांनीही नाणी घेतली. सगळीकडे टणटण चाललं होतं.

थोरलीचं नाणं वाडग्याबाहेर पडलं. दुसरंही पडलं.

"आत्या, नेम न्हाई व्हय लागत?"

"अगं, देवाला चुकवून परत उचलायचा बेत हाय त्यांचा."

पुन्हा हसणं. थोरलीने तिसरं नाणं टाकलं तेव्हा तिचा हात थरथरत होता. मानेवरून घामाची धार लागली होती. माझा नवरा याच आजाराने गेला. हा घाम मला ओळखता येतो.

"हिची साखर उतरली," मी मोठ्याने म्हणाले.

अधिकारी बॅनर उलगडत होता. "दोन मिनिटं मावशी, एवढा फोटो होऊ द्या. मग बसतील त्या."

थोरली आधीच बसली होती. वाडग्यांना पाठ लावून, पाय पसरून. आता बायकांचं हसणं थांबलं आणि सगळ्या कनवटी चाचपायला लागल्या. एकीकडे दाताला लावायची मिश्री निघाली, एकीकडे सुपारी. सगळ्या ऊसवाल्या, आणि साखरेचा दाणा एकीकडेही नाही. आमचा तिथला गाईड थंड पेयाची बाटली आणायला बाहेर धावला. मी पुरचुंडी सोडून खडा तिच्या तोंडाशी नेला.

तिने मान फिरवली. जीभ जड झाली होती, तरी पलूसकरणीलाच विचारलं, "इचार तिला... कुठल्या उसाचा?"

पलूसकरणीने माझ्याकडे पाहिलं. तिचे डोळे म्हणत होते, काहीही सांग.

मी खोटं कशाला बोलू? पट्टा माझा आहे. "मधल्या पट्ट्याचा," मी सांगितलं.

तिने दात मिटले. "मेले तरी न्हाई," एवढं दातांतूनच आलं.

तेव्हा मी मारली. ती शिवी द्यायला तोंड उघडणार हे मला ठाऊक होतं. तिने उघडलं. मी गूळ चुरगळून बोटाने तिच्या गालाच्या आत, हिरड्यांना चोळला. ती चावली. मी बोट काढलं नाही. दुसऱ्या हाताने तिचा जबडा धरून ठेवला आणि चोळत राहिले. माझं रक्त आणि गूळ दोन्ही तिच्या घशात गेलं. कुणी पुढे आलं नाही. पलूसकरीण तेवढी तिचं डोकं धरून बसली.

गाईड बाटली घेऊन आला तोवर थोरलीचे डोळे जागेवर आले होते. बाटली ती स्वतः धरून प्याली. मग हनुवटी पुसली, बोटाला लागलेला गूळ बघितला आणि पलूसकरणीला म्हणाली, "तिला म्हणावं, गुळात खारटपणा हाय. पट्ट्याला पाणी जास्त पाजती ती."

"तिला म्हणावं," मी म्हणाले, "तो खारटपणा माझ्या रक्ताचा हाय."

अधिकारी मला वेगळं घेऊन म्हणाला, असं पुन्हा करू नका, परदेशात आपली नाचक्की होते. मग त्याने फोटो काढला. फोटोत थोरली मधे उभी आहे आणि तिच्या गालावर माझी बोटं उमटलेली दिसतात.

गावात आल्यावर तिने घरोघरी सांगितलं की धाकटीने मला परदेशात नेऊन मारलं. गुळाचं तिने कुणाला सांगितलं नाही. मला लोकांनी विचारलं तेव्हा मी मारलं एवढंच सांगितलं. वाटणीचा दावा अजून चालू आहे. तारखेला आम्ही दोघी एकाच एसटीने जातो, ती पुढच्या दाराजवळ, मी मागे. दोघीही जिवंत आहोत.