वस्तादांचं कुलूप

कापड रंगवायच्या कारखान्यात वस्तादांचा शब्द म्हणजे काळ्या दगडावरची रेघ. बॉयलर त्यांच्या ताब्यात होता. साफसफाईला आत उतरायची वेळ आली की वस्ताद वाफेचा व्हॉल्व्ह फिरवायचे, त्यावर स्वतःचं पितळी कुलूप लटकवायचे, किल्ली खिशात टाकायचे आणि म्हणायचे, "बंद आहे." मग कुणीही निर्धास्त आत उतरावं. त्यांच्या शब्दावर उतरलेला माणूस कधी भाजला नाही.

पुढे धूर ओकणारे बॉयलर बंद करायचा सरकारी हुकूम आला. चिमणी थंड झाली, वस्ताद घरी बसले. बायको भाजी निवडायला लागली की समोर बसून तिला शिकवू लागले. चार दिवस तिने ऐकून घेतलं, मग म्हणाली, "अहो, मी काय बॉयलर आहे? देवाने धडधाकट ठेवलंय, बाहेर पडा."

अशा रिकाम्या हातांसाठीच सरकारने छतावर सौर पॅनल बसवण्याचा वर्ग काढला होता. खर्च सरकारचा, जागा तंत्रशाळेची, पुढची नोकरी ठेकेदाराकडे. या सगळ्यांची मोट बांधायला एक समन्वयक बाई नेमल्या होत्या. या तिघांचा मेळ घालता घालता त्यांच्या जेवणाच्या वेळेचा मेळ कधी बसला नाही. डबा उघडला की फोन वाजायचा. वस्तादांचं नाव वर्गात त्यांनीच घातलं. इस्पितळाच्या छतावर पॅनल बसणार होते, ते काम उत्तीर्ण होणाऱ्यांना मिळणार होतं. वस्तादांना ते हवं होतं. घरातून डबा घेऊन निघणारा माणूस त्यांना पुन्हा व्हायचं होतं.

वर्गाचा नियम असा, की छतावर एकट्याने चढायचं नाही, जोडीने चढायचं. वस्तादांची जोडी लागली एका शिलाईवालीशी. तिचाही कपडे शिवायचा कारखाना बंद पडला होता. पोरगी तोंडाची तिखट. "वस्ताद, शिडी मोडली तर आधी तुम्ही पडा, मी तुमच्यावर पडते," म्हणायची. वस्ताद गालात हसायचे.

वर्गाच्या मास्तरांनी पहिल्याच आठवड्यात सांगितलं होतं, "मेन स्विच पाडला तरी पॅनल मरत नाही. ऊन आहे तोवर तारेत वीज आहे. आधी वीज मोजायचा मीटर लावा, मग हात लावा." वस्तादांनी ते ऐकलं, पाठही केलं. पण जन्मभराची सवय पाठांतराला दाद देत नाही. सरावाच्या दिवशी एक खराब तार बदलायची होती. वस्तादांनी खाली जाऊन स्विच पाडला, त्यावर आपलं पितळी कुलूप अडकवलं, वर आले आणि म्हणाले, "बंद आहे पोरी. धर."

तिने धरलं.

विजेचा झटका बसला; कमरेचा पट्टा होता म्हणून ती छतावरून खाली गेली नाही. उजवा तळवा मात्र भाजला. तिला खाली उतरवून नेलं, तेव्हा ती रडत नव्हती. वस्तादांकडे नुसती बघत होती.

सरकारी खात्याचा माणूस येऊन चौकशी करून गेला. मग बाईंनी वस्तादांना बोलावलं. "वर्ग चालू राहील. पण तुमच्याबरोबर चढायला कुणी तयार नाही, आणि जोडीशिवाय मी परीक्षेला बसवू शकत नाही. पॅनल धुण्याचं प्रमाणपत्र घ्या. जमिनीवर मांडलेल्या पॅनलचंच काम आहे, छतावर चढायचं नाही. सरकारच्या लेखी दोन्ही प्रमाणपत्रं सारखी."

"तुमच्या लेखी?"

बाईंनी वाजणारा फोन उचलला.

देव माणसाला ठेच देतो ती शहाणपणासाठी, असं म्हणतात. पण ठेच दुसऱ्याच्या पायाला लागली तर त्या शहाणपणाचं करायचं काय? वस्ताद रोज प्रार्थनेला हात जोडायचे. आता हात जोडले की तो भाजलेला तळवाच डोळ्यांसमोर यायचा आणि ते प्रार्थना अर्धवट सोडून उठायचे. बायको म्हणाली, "देवाशी नंतर बोला. आधी तिच्याशी बोलून या."

शिलाईवालीच्या घराचं दार तिच्या सासूने उघडलं. "आता काय बघायला आलात? दुसरा हात शिल्लक आहे तिचा."

"आई, येऊ द्या त्यांना," आतून आवाज आला.

शिलाईवाली डाव्या हाताने पोराला भरवत होती. वस्ताद उंबऱ्याशीच उभे राहिले. "माफी मागायला तोंड नाही. मी म्हणालो म्हणून तू धरलंस."

"हो," ती म्हणाली. "मीटर माझ्याच पिशवीत होता. काढलाच नाही. म्हटलं, वस्ताद म्हणतात ना." पोराचं तोंड पुसून ती वळली. "राग आहे मला. खोटं कशाला बोलू? पण तो तुमच्यावर किती आणि माझ्यावर किती, ते अजून ठरत नाही."

"मी ते धुण्याचं प्रमाणपत्र घेतो. तू दुसरी जोडी बघ."

"दुसरीबरोबर चढले तरी भीती तीच राहणार." तिने ताटली बाजूला सारली. "माझा हात बरा झाला की चढू. पण एक अट आहे. 'बंद आहे' हे तुम्ही पुन्हा म्हणायचं नाही. मीटर मी लावणार, आकडा मी वाचणार, आणि मी म्हणेपर्यंत तुम्ही हात मागे बांधून उभं राहायचं. जमेल?"

सासू मोरीकडून म्हणाली, "पुरुषमाणसाला जमायचं नाही ते."

वस्तादांनी होकाराची मान डोलावली. जमेल की नाही, ते त्यांचं त्यांनाही ठाऊक नव्हतं.

हात बरा व्हायला वेळ लागला. परीक्षा होऊन गेली, इस्पितळाचं काम दुसऱ्यांना मिळालं. बाईंनी खात्यांचे उंबरे झिजवून मागे राहिलेल्यांसाठी पुढची तारीख मिळवली, एका शाळेचं छत मागून घेतलं.

परीक्षेच्या दिवशी ऊन कडक होतं. स्विच पाडून वस्ताद वर आले आणि हात मागे बांधून उभे राहिले. परीक्षकांनी विचारलं, "काय मिस्त्री, लाइन बंद आहे?"

वस्तादांच्या ओठांवर तो शब्द आला. सगळी हयात तो असाच आला होता. त्यांनी तो गिळला. "तिला विचारा," ते म्हणाले.

शिलाईवालीने मीटर लावला. तिच्या तळव्याची कातडी अजून ताठर होती, बोटं नीट मिटत नव्हती. तिने आकडा पाहिला.

"चालू आहे," ती म्हणाली. "वस्ताद, थांबा."

वस्ताद थांबले.