वहिनींची बुधवारची भाजी

आषाढ सरत आला होता. मी परळला गिरणीच्या कचेरीत कामात होतो, तेवढ्यात आमच्या चाळीतले शेजारी दारात येऊन उभे राहिले आणि ‘जरा घरी चला’ एवढंच म्हणाले. एवढंच सांगायला गिरगावातून परळपर्यंत कोणी येत नाही. भायखळ्यापर्यंत दोघं चालत आलो, पुढे ट्राम धरली. घोडे आपल्या चालीनं चालले होते आणि मला सारखं वाटत होतं की उतरावं आणि पळत सुटावं… सकाळी निघताना वहिनींचा ताप उतरल्यासारखा वाटला होता. अंथरुणातूनच मला म्हणाल्या होत्या, ‘भाऊजी, येताना टाकळ्याचा पाला दिसला तर बघा. आता निबर व्हायला लागेल.’ हे त्यांचं माझ्याशी शेवटचं बोलणं. त्या दिवशी टाकळा आणला नाही.

हा लेख मी दुःखानं लिहितो आहे हे खरं, पण त्याहून अधिक रागानं लिहितो आहे. तेराव्याला मंडळी जेवून सुपारी कातरत बसली असताना आमच्या आत्याबाई चार लोकांत म्हणाल्या, ‘पाला खाऊन खाऊन पोरीच्या अंगात रक्तच राहिलं नव्हतं. ताप यायचं निमित्त झालं.’ आणि बसलेल्या सगळ्यांनी माना डोलावल्या! आमच्या वाडीत त्या पंधरवड्यात विषमज्वरानं आणखीही माणसं नेली. समोरच्या माडीवरचा, तुपावर पोसलेला, रोज सकाळी जोर काढणारा तरणाताठा गृहस्थ वहिनींच्या आधी गेला. त्याच्या तुपाला कोणी बोल लावला नाही. मग आमच्या पाल्यालाच का? गरिबाच्या घरात माणूस मेलं की ते जेवणानंच मेलं, असं म्हणायची ही कुठली रीत?

वहिनी माझ्या थोरल्या भावाची, दादांची बायको. राजापूरकडच्या एका खेड्यातून लग्न होऊन गिरगावात आल्या, तेव्हा बरोबर एक काळी दगडी घेऊन आल्या. कोकणात आमटी-भाजी ज्यात शिजते ते दगडाचं भांडं. ट्रंक हमालाला दिली, दगडी मात्र बंदरापासून स्वतः कडेवर घेऊन आल्या, म्हणून चाळीत त्या दिवशी पुष्कळ हशा झाला होता. आईवडील आम्हांला लहानपणीच सोडून गेले. दादांचं शिक्षण आत्याबाईंनी, म्हणजे वडिलांच्या बहिणीनं केलं. त्यांचा मुलगा मोठ्या हुद्द्यावर, ठाकुरद्वाराला स्वतःचं घर, दारात गाडी. त्यामुळे आत्याबाई बोलल्या की दादा मान खाली घालत. वहिनी घालत नसत. सगळ्या गोष्टीचं मूळ इथे आहे.

दादा ज्या पेढीत कारकून होते ती बुडाली आणि दुसरीकडे जी नोकरी मिळाली तिच्या पगारात घराचं कसंबसं भागे. मी तेव्हा शिकत होतो, म्हणजे खाणारा होतो. शिवाय गावाकडून कोणी ना कोणी उतरायला असेच. अशा वेळी आमच्यासारख्या घरांची एक ठरलेली तऱ्हा असते. सणाला श्रीखंड करून वाटायचं, पाहुण्यापुढे पांढराशुभ्र भात आणि तुपाची धार दाखवायची, आणि एरवी दाराआड नुसता भात आणि बटाट्याचं पाणी ओरपायचं. पोरं किरकिरी निघाली तर दृष्ट काढायची. वहिनींनी ही तऱ्हा साफ मोडली. पांढरा तांदूळ बंद झाला आणि तांबडा, उकडा घरात आला. त्याची पेज सकाळी सगळ्यांनी प्यायची, मी मॅट्रिकच्या वर्गात असलो तरी. नाचणीची भाकरी. कुळथाचं पिठलं. खिडकीशी खुंटीला एका ओल्या फडक्यात मटकी, नाहीतर मूग, मोड येण्यासाठी कायम टांगलेले. आमच्याकडे नवा माणूस आला की त्या फडक्याचं पाणी एकदा तरी त्याच्या मानेवर पडायचं. आत्याबाईंनी कुळीथ पाहिले तेव्हा कपाळाला हात लावला. आमच्या गाडीच्या घोड्याला देतात हे, म्हणाल्या. वहिनी शांतपणे म्हणाल्या की म्हणूनच तो गाडी ओढतो.

माझ्याकडे पाल्याचं खातं होतं. पुढे मी परळला नोकरीला लागलो. तिकडे अजून मोकळी रानं आहेत, पावसाळ्यात टाकळा, कुर्डू नुसता माजतो, आणि शेवग्याचा पाला कोणाच्याही कुंपणावरून विचारून मिळतो. तो उपरण्यात बांधून मी ट्रामनं घरी आणत असे. डोक्याला पगडी, अंगात कोट आणि काखेत पाल्याचं गाठोडं. कचेरीतले मित्र विचारत, काय रे, गाय ठेवलीस वाटतं? मी म्हणे, ठेवली आहे, दूध चांगलं देते. वहिनींना हे सांगितलं तेव्हा त्या इतक्या हसल्या की त्यांना विळीवरून उठावं लागलं.

त्या कंजूष होत्या असं कोणाला वाटेल, म्हणून सांगतो. जेवायच्या वेळी आलेला माणूस त्यांनी कधी परत पाठवला नाही. पण त्यांचा स्वभाव गोड होता असंही मी म्हणणार नाही. हट्टी होत्या, जिभेला धार होती आणि एकदा मनात घेतलं की सगळ्या घराला त्यात जुंपत. दोडक्याच्या शिरांची चटणी उत्तम करत, तशीच एकदा कारल्याच्या सालींची केली. दादांनी घास तोंडात घेतला आणि बराच वेळ गिळलाच नाही. दुसऱ्या दिवशी ती चटणी नव्हती, पण चूक झाली असं काही त्या म्हणाल्या नाहीत.

आणि बुधवारची भाजी. ऋषिपंचमीला बायका बैलाच्या कष्टाचं खात नाहीत. अळू, माठ, भोपळा, शिराळं, सुरण, मक्याचं कणीस असं परसात हातानं लावलेलं सगळं एकत्र शिजवून, फोडणी न देता खातात. ही वर्षातून एकदा करायची व्रताची भाजी. लग्नानंतरच्या पहिल्याच ऋषिपंचमीला वहिनींच्या लक्षात आलं की यातलं सगळं बाजारात स्वस्त, तेल लागत नाही, एका भांड्यात होतं आणि जेवून पोटाला जड होत नाही. मग वर्षात एकदाच का? बुधवारी वसईकडच्या भाजीवाल्या आमच्या वाडीत येत. तेव्हापासून दर बुधवारी दगडी चुलीवर चढू लागली. ऋतूप्रमाणे एक पाला जाई, दुसरा येई. चाळीतल्या बायकांनी ‘यांच्याकडे बारमाही ऋषिपंचमी’ म्हणून नावं ठेवली. आत्याबाई तर फारच संतापल्या. व्रताची भाजी ऊठसूट खाऊन पुण्य घालवता आहात, म्हणाल्या. वहिनींनी विचारलं, ‘एका दिवसाचं पुण्य लागतं, तर आमच्याकडे ते साठलं नसेल का?’

हे सगळं थट्टेवारी चाललं होतं, ते बाळूपर्यंत. थोरली यमू धडधाकट होती, पण तिच्या पाठचा बाळू जन्मापासून किडकिडा. तिसरं वर्ष लागलं तरी भिंत धरून उभा राही आणि बसे. एक दिवस आत्याबाई आल्या आणि दादांना म्हणाल्या, की हा पोर मी घेऊन जाते. माझ्याकडे साजूक तूप आहे, पांढरा भात आहे, पेढेबर्फी आहे. इथे हा पाल्यावर मरेल. दादांनी मान खाली घातली. उपकार मोठे होते, आणि पोराचे पाय खरोखरच काडीसारखे होते. मला वाटलं वहिनी आता कडाडतील. त्या कडाडल्या नाहीत. तोंड पांढरं पडलं होतं. हळूच म्हणाल्या, ‘आत्याबाई, कार्तिकीपर्यंत थांबा. तोवर हा धावला नाही, तर मी स्वतः आणून सोडीन.’

आषाढी एकादशीला त्यांनी देवापुढे पाणी सोडून चातुर्मासाचा नेम धरला. या घरात चार महिने पांढरा तांदूळ शिजणार नाही, बाहेरचं गोड आत येणार नाही. चातुर्मासात कोणी वांगं सोडतं, कोणी पानावरचं मीठ सोडतं; तसा हा नेम. आत्याबाईंची खरी अडचण झाली. देवाला दिलेला शब्द मोडा असं त्यांच्यासारख्या सोवळ्या बाईला कसं म्हणवणार? बर्फीचा डबा गाडीतून आला तसा परत गेला. ‘देवाला मध्ये घातलं की आत्याबाईंना बोलता येत नाही,’ असं वहिनी मला मोरीजवळ कुजबुजल्या.

पण त्या चार महिन्यांत मी त्यांना मोकळेपणी हसताना पाहिलं नाही. बाळूला मोडाच्या मुगाचं कढण, नाचणीचं सत्त्व, शेवग्याचा पाला घालून मऊ भात, ताक, गुळाबरोबर भाजलेले तीळ. तो थुंकायचा, त्या पुन्हा भरवायच्या. रोज सकाळी उठल्याबरोबर त्याला उचलून बघत, जड लागतो का. कधी मला म्हणत, भाऊजी, तुम्ही उचलून बघा. मी म्हणे, जड झालाय की. त्या माझ्या तोंडाकडे बघत राहत, आणि मी खरं बोलतोय की नाही ते त्यांना बरोबर कळे… भाद्रपदात त्यानं भिंत सोडली. दसऱ्याला तो यमूच्या मागे जिन्याच्या पायऱ्यांवर दिसला. वहिनींनी हे कोणाला सांगितलं नाही. मलाही सांगू दिलं नाही.

तुळशीच्या लग्नाला आत्याबाई गाडी घेऊन आल्या. बाळूला कुठे नेणार हे यमूनं त्याला आधीच सांगून ठेवलं होतं. आत्याबाईंनी ‘ये रे’ म्हणून हात पुढे केला मात्र, पोरगा त्यांच्या हाताखालून सटकला तो जिना उतरून थेट वाडीत. आत्याबाई मागे. तुळशीवृंदावनाला दोन फेरे झाले, विहिरीला एक झाला, वाडीतली सगळी बिऱ्हाडं गॅलरीत गोळा झाली. शेवटी आत्याबाई धापा टाकत आमच्या पायरीवर बसल्या. वहिनी पदर खोचून वर उभ्या होत्या. त्यांनी खाली पाण्याचा तांब्या आणून आत्याबाईंच्या हातात दिला आणि म्हणाल्या, ‘न्या ना आत्याबाई. सापडला तर.’

आणि मग तिथेच पायरीवर बसून त्या हमसाहमशी रडल्या. आत्याबाई पाणी पीत राहिल्या.

आता बाळू आठ वर्षांचा आहे. आणि पुन्हा तोच प्रश्न आला. तेराव्यानंतर आत्याबाईंनी दादांकडे धरणंच धरलं. आई गेली, आता तरी पोराला चांगलं खाऊ दे. दादा आधीच खचलेले. परवा ऋषिपंचमी झाली, त्या दिवशी दुपारी बाणगंगेवर स्नान उरकून येताना घेऊन जाते असं आत्याबाईंनी कळवलं होतं. दादांनी सकाळीच त्याच्या कपड्यांचं गाठोडं बांधून दाराशी ठेवलं. मी भांडलो, पुष्कळ बोललो. दादा म्हणाले, ‘अरे, करणार कोण त्याचं?’ बाळू गाठोड्यावरच बसून होता. या वेळी तो पळाला नाही.

आत्याबाई आल्या. दारात पाऊल टाकलं आणि थांबल्या. घरभर अळूचा आणि सुरणाचा वास होता. यमू सोवळं नेसून चुलीपुढे होती आणि चुलीवर दगडी. पोरगी अकरा वर्षांची, पण पदर आईसारखाच खोचलेला. आत्याबाईंचा चेहरा कठीण झाला. ज्या घरात माणूस गेलं तिथे वर्ष होईतो सणाचं करत नाहीत, हे कोणीही सांगेल.

‘यमे, आईला जाऊन दोन महिने नाही झाले,’ त्या म्हणाल्या, ‘आणि तू सणाचं शिजवलंस?’

यमूनं मागे वळूनही पाहिलं नाही. ‘सणाचं कुठे, आत्याआजी? आज बुधवार आहे.’

खरंच बुधवार होता. आमच्या कोणाच्या लक्षात आलं नव्हतं. दादा भिंतीला टेकून बसले होते, त्यांनी धोतराच्या सोग्यात तोंड लपवलं.

आत्याबाईंनी चुलीकडे पाहिलं. दिवसाचा उपास, बाणगंगेपर्यंतची खेप, आणि त्या दिवशी ती भाजी सोडून त्यांना दुसरं काही चालणारही नव्हतं. शेवटी पाय धुऊन पाटावर बसल्या आणि ‘वाढ’ म्हणाल्या. बाळू गाठोड्यावरून उठला आणि त्यांच्या शेजारी आपला पाट ओढून बसला. आत्याबाईंनी पान पुसून खाल्लं आणि पुन्हा भाजी मागितली. हात धुऊन त्या दाराकडे निघाल्या, तिथे गाठोडं होतं. ते त्यांनी पायानं जरा बाजूला सारलं. ‘कपडे कोंदट होतील त्यात, सोडून ठेवा,’ असं कोणाकडेही न पाहता म्हणाल्या आणि जिना उतरून गेल्या. गाडी बाळूशिवायच ठाकुरद्वाराकडे गेली.

दगडी धुऊन यमूनं नेहमीच्या जागी पालथी घातली आहे. खिडकीशी फडक्यात मटकी टांगलेली आहे आणि तिचं पाणी हे लिहिताना माझ्या मानेवर पडतं आहे. टाकळा निबर झाला, पण शेवगा आहे, तो मी आणतो. आमच्या वहिनी पाल्यावर गेल्या असं ज्यांना अजूनही म्हणायचं असेल, त्यांनी कोणत्याही बुधवारी आमच्याकडे जेवायला यावं आणि जेवण झाल्यावर बाळूला वाडीत धरून दाखवावं.